पत आधी, पावती नंतर



चातुर्मास सुरू झाला आणि पर्युषण जवळ आले की आपल्या घरांत आणि दुकानांत पावतीपुस्तकांची वर्दळ वाढते. पांजरपोळ, बोर्डिंग, दवाखाना, भोजनशाळा, विहारधाम, शिष्यवृत्ती निधी, एखाद्या जुन्या ग्रंथभांडाराचे जतन अशा कोणत्या ना कोणत्या कार्यासाठी चार-सहा सज्जन गादीवर येऊन बसतात. चहा होतो, समाजाच्या दानशूर परंपरेचे गुणगान होते, जगडूशहा आणि भामाशहा यांची आठवण निघते. शेटजी शेवटी जी रक्कम लिहितात ती बहुधा शेजारच्या पेढीने मागच्या पानावर लिहिलेल्या रकमेशी जुळणारी असते. कार्याची गरज किती, याचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. मंडळी जिना उतरताना म्हणतात, 'इतकी ऐपत असून हात आखडता!' आणि आत शेटजी चिरंजीवांना म्हणतात, 'गेल्या वर्षी दिले त्याचे पुढे काय झाले, हे कोणी सांगितले नाही.'

दोन्ही उद्गारांत तथ्य आहे. पहिला उद्गार आपण सभांतून वारंवार ऐकतो. दुसरा मात्र गादीपाशीच विरून जातो, संस्थाचालकांच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. या महिन्यात विचार करायचा आहे तो या दुसऱ्या उद्गाराचा.

बँकेच्या सेवेत कर्जप्रस्ताव वाचण्यात माझी अनेक वर्षे गेली. प्रस्ताव पानपट्टीचा असो की सूतगिरणीचा, त्याला विचारायचे प्रश्न मूलतः पाचच असत. पैसा नेमका कशासाठी हवा? किती हवा, आणि तो आकडा कसा काढला? मागणाऱ्याने स्वतःचे किती घातले आहेत? कारभार कोण पाहणार? आणि पैसे परत कसे येणार? देणगी परत यायची नसते, म्हणून दात्याला हे प्रश्न पडत नाहीत असे समजणे भाबडेपणाचे आहे. उलट ती परत यायची नसल्यामुळे पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे त्याला अधिक पक्की हवी असतात. आणि पाचव्या प्रश्नाच्या जागी 'कार्य झाले हे मला कसे कळणार?' हा प्रश्न येतो. व्यापारी समाजाला 'पत' हा शब्द शिकवावा लागत नाही. बाजारात माल उधारीवर मिळतो तो दुकानदाराच्या गोड बोलण्यावर मिळत नाही, त्याच्या पतीच्या आधाराने मिळतो. संस्थेचीही पत असते. जिची पत आहे तिच्याकडे मोठा दाता स्वतःहून येतो, आणि जिची नाही तिला शंभर उंबरे झिजवूनही वर्गणीच मिळते.

आधी मूठभर, मग ओंजळभर

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली पुण्याजवळ हिंगणे येथे महिला विद्यापीठ सुरू केले. त्यांच्या मागे सरकार नव्हते, संस्थान नव्हते, गर्भश्रीमंत आप्त नव्हते. होता तो दोन दशकांचा हिशेब. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाच्या कार्याला हात घातला, तेव्हा स्वतःची शिल्लक त्यात घातली आणि विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. पुढे गावोगाव फिरून त्यांनी लहान लहान वर्गण्या गोळा केल्या आणि आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद ठेवली. ज्यांनी अल्प रक्कम दिली त्यांनाही आपण या कार्याचे भागीदार आहोत असे वाटले.

1920 साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती, हे आजच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. तेच आपले एस. एन. डी. टी. सर विठ्ठलदासांनी जपानच्या प्रवासात तेथील महिला विद्यापीठ पाहिले होते, त्यामुळे असे काही आपल्याकडेही उभे राहू शकते याची त्यांना खात्री होती. पण ते आपल्याकडे कोण उभे करू शकेल, या प्रश्नाचे उत्तर त्यांना कर्व्यांच्या वीस वर्षांच्या कामातून मिळाले. मोठा दाता येण्यापूर्वी लहान दात्यांची रांग उभी राहिली होती, आणि त्या रांगेच्या अग्रभागी खुद्द कर्वे होते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी घरचे. कुंभोजचे भाऊराव पाटील, म्हणजे कर्मवीर, हे दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबात जन्मले. 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने विकले गेले, मंगळसूत्रही त्यात गेले. खेड्यापाड्यांतून 'मुष्टिफंड' गोळा झाला. गृहिणी दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवीत आणि ते वसतिगृहाच्या कोठारात जाई. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या धान्याची किंमत फार नसेल. पण हजारो घरांनी रोज मूठ बाजूला काढावी एवढा विश्वास एखाद्या संस्थेने कमावला, तर त्याहून मोठे तारण दात्यापुढे दुसरे कोणते ठेवायचे?

या दोन्ही उदाहरणांतून एक व्यावहारिक नियम निघतो. मोठ्या देणगीसाठी बाहेर पडण्यापूर्वी विश्वस्त मंडळातील प्रत्येकाने आपापल्या शक्तीनुसार रक्कम दिलेली असली पाहिजे, आणि ती यादी सोबत असली पाहिजे. बँकेच्या भाषेत याला 'मार्जिन' म्हणतात. पंधरा विश्वस्तांपैकी चौघांनीच दिले असेल, तर समोरचा व्यापारी न बोलता उरलेल्या अकरांचा अर्थ लावतो. रक्कम लहान असली तरी चालते, पण नाव सुटलेले चालत नाही.

आकडा सांगावा, तोही मांडून

'यथाशक्ती सहकार्य करावे' ही आपल्या निवेदनांतील सर्वांत नम्र आणि सर्वांत निरुपयोगी ओळ आहे. दात्याला शक्तीचा अंदाज असतो, गरजेचा नसतो. ती सांगणे हे मागणाऱ्याचे काम.

समजा, एखाद्या संस्थेला दरवर्षी दहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी 30 हजार रुपये शिष्यवृत्ती कायमस्वरूपी द्यायची आहे. म्हणजे वर्षाला तीन लाख. सात टक्के व्याज धरले तर सुमारे 43 लाखांच्या ठेवीतून तेवढे उत्पन्न निघते, आणि बहुतेक संस्था तेवढाच आकडा सांगून मोकळ्या होतात. पण दहा वर्षांनी शुल्क वाढलेले असेल आणि शिष्यवृत्ती मात्र 30 हजारांवरच थांबलेली असेल. अशा थिजलेल्या शिष्यवृत्त्या आपल्या समाजात कितीतरी आहेत. कोणा आजोबांनी मोठ्या मनाने ठेवलेला निधी आज पाठ्यपुस्तकांचाही खर्च भागवीत नाही. म्हणून व्याजाचा एक तृतीयांश भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायचा असे ठरवले, तर निधी सुमारे 65 लाखांचा हवा. 65 लाखांचे सात टक्के म्हणजे 4 लाख 55 हजार. त्यातील साधारण तीन लाख वाटायचे आणि दीड लाख मुद्दलात जमा करायचे. ही मांडणी एका कागदावर करून दाखवली, तर व्यापारी माणूस 65 लाख ऐकून दचकत नाही. 43 ऐवजी 65 का, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती पैसा सुरक्षित राहील, असेच तो मनात म्हणतो.

इमारतीच्या बाबतीत तर ही शिस्त अधिकच आवश्यक. बांधकामाला दाते मिळतात, कारण कोनशिला दिसते. वीजबिल, स्वयंपाकी, रंगरंगोटी, पहारेकरी यांना दाता मिळत नाही, कारण त्यांची कोनशिला बसत नाही. म्हणून इमारतीच्या अंदाजपत्रकातच देखभाल निधीचा आकडा घालावा आणि दात्याला तो उघडपणे सांगावा. कुलूपबंद धर्मशाळा हे ज्याने ती बांधली त्याचे दुर्दैवी स्मारक असते.

देवद्रव्याची शिस्त

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या संघांच्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या एक पद्धत चालत आली आहे. देवद्रव्य वेगळे, ज्ञानखाते वेगळे, साधारण खाते वेगळे, जीवदयेचे वेगळे. देवद्रव्यातील पैसा साधारण खात्याच्या खर्चाला वापरायचा नाही, हे अशिक्षित मुनीमालाही ठाऊक असे. बोलीची रक्कम फार काळ येणे राहू नये, याचीही धास्ती सश्रद्ध घरांत असते. आज हिशेबशास्त्रात ज्याला विशिष्ट हेतूचा निधी म्हणतात आणि जो एम.कॉम.च्या वर्गात आम्हाला पाश्चात्त्य ग्रंथांतून शिकवला गेला, तो आपल्या मंदिरांच्या वह्यांत केव्हाचा नांदत होता.

आपली विसंगती अशी की ही काटेकोर शिस्त आपण मंदिराच्या दारापाशी सोडून येतो. त्याच समाजाची शैक्षणिक वा वैद्यकीय संस्था असली की सगळा पैसा एका खात्यात. मुलींच्या वसतिगृहासाठी आलेली रक्कम सभागृहाच्या फरशीला लागते, डायलिसिस यंत्रासाठी आलेली पगारात जाते. 'शेवटी कार्य तर संस्थेचेच ना?' असे समर्थन होते. पैसा कोणी घरी नेलेला नसतो, हे खरे. हेतू शुद्ध असतो, हेही खरे. पण वसतिगृहासाठी देणाऱ्या बाईंनी फरशीसाठी दिले नव्हते. त्यांना जेव्हा हे कळते तेव्हा त्या भांडत नाहीत, तक्रार करीत नाहीत. पुढच्या वर्षी 'सध्या बाजार मंदा आहे' एवढेच सांगतात. संस्थेला वाटते की बाजार खरोखरच मंदा आहे!

विद्यार्थ्याच्या पैशाला देवद्रव्याइतकेच अस्पर्श्य मानले, तर आपल्या संस्थांचे निम्मे दुखणे बरे होईल असे मला वाटते. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपण धर्म म्हणून शिकलो. त्यांपैकी औषधासाठी दिलेले औषधालाच लागले पाहिजे. आचार्य उमास्वातींनी दानाचे फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांच्या गुणवत्तेवर अवलंबून असते असे सांगितले आहे. आपण दात्याच्या आणि द्रव्याच्या चर्चेत रमतो. विधी म्हणजे देण्या-घेण्याची रीत, आणि पात्र म्हणजे घेणाऱ्याची योग्यता. या दोन्हींची जबाबदारी बव्हंशी संस्थेची आहे.

नावाचा प्रश्न

दात्याला नाव हवे असते का? पुष्कळांना हवे असते, आणि त्यात गैर काही नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिला आहे. प्रेमचंद रायचंद या आपल्या समाजातील कापूस आणि रोख्यांच्या सुविख्यात व्यापाऱ्याने 1864 मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि नंतर घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे एवढी इच्छा. 1866 मध्ये कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दोन लाख दिले, त्यातून आजही त्यांच्या नावाची विद्यावृत्ती ओळखली जाते. 1865 मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या सट्टाबाजाराबरोबर प्रेमचंदांचे साम्राज्यही कोसळले. मनोरा पूर्ण झाला तो 1878 मध्ये. म्हणजे ज्या तेजीत ते पैसे मिळाले ती तेजी विरून गेली होती, पण दिलेले उभे राहिले. जे राखले ते गेले आणि जे दिले ते उरले. व्यापारी घराला दानाचे महत्त्व पटवून देण्यासाठी याहून मोठे व्याख्यान लागत नाही.

वडिलांच्या नावे मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारणारे दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी (1851–1914) यांचेही उदाहरण तसेच. गावाकडून शिकायला आलेल्या मुलाला शहरात निवारा आणि शुद्ध आहार मिळावा, ही एकच गरज त्यांनी ओळखली आणि अनेक शहरांतील जैन बोर्डिंगांना हात दिला. नाव वडिलांचे लागले, उपयोग पिढ्यांना झाला.

परंतु नावाचे धोरण दाता दारात येण्यापूर्वी ठरलेले असावे. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 साली वेगळ्या नावाने सुरू झाले आणि शेठ वालचंद हिराचंद यांच्या स्मारक न्यासाची देणगी लाभल्यावर 1955 मध्ये ते वालचंद महाविद्यालय झाले. संस्थेने विचारपूर्वक नाव स्वीकारले आणि त्या नावाने तिची प्रतिष्ठा वाढली. याउलट कर्मवीरांची एक आठवण सांगितली जाते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजला आपले नाव द्यावे, या अटीवर एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली आणि भाऊरावांनी ती तत्काळ नाकारली. दोन्ही निर्णय योग्य, कारण दोन्हीकडे काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही हे निश्चित होते. अडचण येते ती मधल्या संस्थांची. तेथे एकाच सभागृहाला तीन दात्यांची नावे तीन बैठकांत कबूल केली जातात, आणि उद्‌घाटनाच्या दिवशी फलकावरून रुसवे-फुगवे होतात. खोली, मजला, इमारत, संस्था यांपैकी कशाला नाव मिळेल, किती रकमेला आणि किती वर्षांसाठी, हे ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवावे.

ज्यांना नाव नको असते तेही आपल्याकडे कमी नाहीत. गुप्तदान ही आपली सुंदर परंपरा आहे. मात्र फलकावर नाव नसले तरी संस्थेच्या नोंदवहीत दात्याचे नाव, पत्ता असणे आवश्यक. निव्वळ धर्मादाय संस्थांकडे निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे आल्या, तर त्यांवर आयकर लागू शकतो. गुप्तता समाजापासून असावी, हिशेबापासून नसावी.

कागदपत्रे

या विभागात थोडे रूक्ष लिहावे लागेल, पण अनेक देणग्या अडतात त्या येथेच.

पहिली गोष्ट धर्मादाय आयुक्तांकडील नोंदींची. विश्वस्त दिवंगत झाले, नवे आले, पण चेंज रिपोर्ट दाखलच केला नाही, अशा संस्था गावोगावी आहेत. कागदोपत्री विश्वस्त म्हणून स्वर्गवासी सज्जनांचीच नावे चालू असतात. मग बँक खात्यावरील सह्या बदलत नाहीत, आणि मोठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या घराचा सनदी लेखापाल पहिल्याच भेटीत फाइल बंद करतो. नियमाप्रमाणे असा बदल 90 दिवसांत कळवायचा असतो. लेखापरीक्षणही दरवर्षी वेळेवर व्हावे.

दुसरी गोष्ट करसवलतीची. आपण सारे जिला '80 जी' म्हणून ओळखतो ती वजावट मिळण्यासाठी दोन हजारांपेक्षा अधिक रक्कम रोखीने देऊन चालत नाही. देणगीदारांचा तपशील संस्थेने दरवर्षी आयकर खात्याकडे भरावा लागतो, आणि त्यावरून निघणारे प्रमाणपत्र दात्याच्या हाती जावे लागते. छापील पावती आता पुरेशी नाही. जी संस्था आपल्या घटनेत एखाद्या विशिष्ट धर्मसमूहाच्या वा जातीच्याच लाभासाठी असल्याचे नमूद करते, तिला ही मान्यता सर्वसाधारणपणे मिळत नाही. 'फक्त समाजातील विद्यार्थ्यांसाठी' असे घटनेत लिहिण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. रुग्णालय, पांजरपोळ, वाचनालय ही कार्ये सर्वांसाठी खुली ठेवण्यात धर्म आणि व्यवहार दोन्ही साधतात.

आणखी एक बदल अनेकांच्या ध्यानात आलेला नाही. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ही वजावट मिळतच नाही. 'शेटजी, टॅक्स वाचेल' हे वर्षानुवर्षांचे हुकमी वाक्य त्या घरांत आता निरर्थक झाले आहे. एका अर्थी हे बरे झाले. कर वाचवण्यासाठी दिलेला पैसा मार्च महिन्यात येतो आणि एप्रिलमध्ये विसरला जातो. आता मागणाऱ्याला कार्याविषयीच बोलावे लागेल.

तिसरी गोष्ट कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे सीएसआरची. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अशा कार्यांवर खर्च करायची असते. आपल्या कितीतरी पेढ्या आज प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत आणि पाच कोटी नफ्याची मर्यादा त्यांतील काहींनी केव्हाच ओलांडली आहे. पण हा पैसा घेण्यासाठी बाहेरच्या संस्थेला आयकर खात्याच्या मान्यता, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी आणि तशाच कार्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. कायद्याने ठरवून दिलेल्या विषयांतच तो खर्च करता येतो; मंदिराच्या जीर्णोद्धाराला किंवा पंचकल्याणक महोत्सवाला तो मागू नये. ज्या संस्था ही पूर्वतयारी आज करतील त्यांना हा पैसा उद्या मागता येईल.

पावतीनंतर

मोठी देणगी मिळाल्यावर आपण शाल, श्रीफळ, मानपत्र देतो आणि संबंध तेथे संपवतो. वस्तुतः तो तेथे सुरू होतो. सत्काराचा खर्च कमी करून वर्षातून दोनदा एक साधे पत्र पाठवावे. त्यात चारच गोष्टी असाव्यात: आपली रक्कम किती खर्च झाली, कशावर झाली, किती शिल्लक आहे, आणि जे ठरले होते त्यातील काय झाले नाही. ही चौथी ओळ लिहिण्यास आपण कचरतो. पण व्यापाऱ्याला ठाऊक असते की कोणताही धंदा ठरल्याप्रमाणे चालत नाही. यंत्राला दोन महिने उशीर झाला, सहा विद्यार्थ्यांपैकी एकाने शिक्षण सोडले, हे जी संस्था स्वतःहून कळवते तिच्या बाकीच्या आकड्यांवर दाता डोळे मिटून विश्वास ठेवतो.

विद्यार्थ्यांना दात्यापुढे हात जोडून उभे करण्याची प्रथा मात्र बंद व्हावी. ज्याला मदत केली त्याचा संकोच वाढवणारे दान अभयदानाच्या विरुद्ध जाते. त्याने लिहिलेले पत्र, नाव झाकून, दात्याला दाखवले तरी पुरे.

आणि पत्र केवळ शेटजींच्या नावे पाठवू नये. घरातील दानाचे निर्णय पूर्वीही श्राविकांच्या संमतीवाचून होत नसत. आज तर त्या उघडपणे भाग घेतात. पुढची पिढी पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहे. आजोबांच्या गावच्या पांजरपोळाशी तिचे भावनिक नाते पातळ झाले आहे, ही आपल्या संस्थांपुढची खरी चिंता. समाजाची संपत्ती घटलेली नाही, पण ती मूळ गावापासून लांब गेली आहे. व्यासपीठावर नाव पुकारले म्हणून त्या मुलाचे मन हलत नाही. संस्थेचा ताळेबंद त्याला मोबाइलवर पाच मिनिटांत वाचता आला आणि सुटीत गावी आल्यावर विनासूचना गोशाळा पाहता आली, तर मात्र हलते. आज साठी-सत्तरीत असलेली पिढी ओळखीवर देत आली. तिच्या मागे जे हात येतील ते हिशेब पाहून देतील, आणि त्यासाठी आपल्या हाती फार तर दहा-पंधरा वर्षे आहेत.

म्हणून ज्या वाचकांकडे एखाद्या संस्थेचे विश्वस्तपद आहे त्यांना एक विनंती. या दिवाळीत वहीपूजनाला बसण्यापूर्वी आपल्या संस्थेचे तीन कागद तयार करावेत. पहिल्यावर गेल्या तीन वर्षांत विशिष्ट कार्यासाठी आलेली प्रत्येक देणगी आणि ती त्याच कार्याला लागली का, याची नोंद. दुसऱ्यावर पुढील तीन वर्षांतील एकाच कार्याचे, देखभालीसह, मांडलेले अंदाजपत्रक. तिसऱ्यावर विश्वस्तांची नावे आणि प्रत्येकाने स्वतः दिलेली रक्कम. पहिल्या कागदावर काही रकाने लाल शाईचे निघाले, तर प्रथम साधारण खात्यातून तेवढी रक्कम त्या त्या निधीत परत भरावी आणि दात्याला तसे कळवावे. एवढे झाल्यावरच पावतीपुस्तक हाती घ्यावे. तोवर ते कपाटात राहिले तरी संस्थेचे काही बिघडत नाही.

जय जिनेंद्र.